बल्खचा घोडा आणि फाउंड्रीचा डोळा

आमचे हे चाकणला फाउंड्रीत इन्स्पेक्शनला आहेत. दिवसभर ओतून आलेले पार्ट उलटेपालटे करायचे आणि खोट काढायची, हेच काम. ती सवय घरीही येते. भाकरीच्या कडा बघतात, सोफ्याच्या शिवणी बघतात, माझ्या माहेरच्यांचं तर विचारूच नका. म्हणून मी यांना समोरच्या काकांकडे कधी नेत नव्हते. एकदाच नेलं, आणि तिथंच माशी शिंकली.

काका म्हणजे चिखलीत आमच्या समोरच्या दारात राहणारे, कंपनीतून रिटायर झालेले, एकटे गृहस्थ. जुन्या ग्रीक काशाच्या नाण्यांचं त्यांना भारी वेड, आणि मलाही ते त्यांनीच लावलं. ग्रीक अक्षरं गिरवून घेतली. एकदा मी एक नाणं चिंचेनं घासायला निघाले, तर हातावर चापट बसली. तो हिरवा थर म्हणजे नाण्याचं वय, तो घालवायचा नसतो म्हणे! त्यांचं सगळ्यात लाडकं नाणं अफगाणिस्तानातल्या बल्खकडच्या एका ग्रीक राजाचं. एका बाजूला दाढीवाला वीर, दुसऱ्या बाजूला उधळलेला घोडा. कित्येक वर्षं डोकं खपवून त्यांनी ते स्वतः ओळखलं होतं. काचबिंदूनं नजर गेली, तरी अंगठ्यानं घोडा चाचपत बसायचे. "आयुष्यात एक गोष्ट तरी मी नीट ओळखली, पोरी," असं म्हणायचे.

संक्रांतीला आम्ही दोघं तिळगूळ द्यायला गेलो. काकांनी कौतुकानं नाणं यांच्या हातात दिलं. या माणसानं घोड्याकडे बघितलंसुद्धा नाही. नाणं उभं धरलं आणि कडेवरून नख फिरवलं.

"काका, हे ओतीव हाय. हितं गेट, म्हंजी रस साच्यात जायची वाट, तोडल्याची खूण हाय बघा. आन् कड पण तिरकी, साच्यातनं सुटायला आमी देतो तशी."

जुनी नाणी ठशावर हातोडा मारून पाडायचे. ओतलेलं नाणं म्हणजे नक्कल, हे मला काकांनीच शिकवलेलं. मी यांना कोपरानं ढोसलं, पण बोलून झालं होतं. काकांनी नाणं माझ्यासमोर धरलं. "तू बघ गं." मी नख फिरवलं. खूण होती. काय सांगणार, कपाळ!

घरी येऊन यांना फैलावर घेतलं. "जिभेला काही हाड?"

"अगं, जे हाय ते हाय. म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलू व्हय?"

त्यांचंही बरोबर होतं, म्हणूनच मी जास्त चिडले. त्या दिवसापासून मला चैन पडेना. कुकरच्या शिट्ट्या मोजायला मी विसरायचे, कपडे वाळत घालता घालता मध्येच मोबाइल काढायचे. तसं दुसरं नाणं दिसतं का म्हणून परदेशी म्युझियमच्या साइटची पानंच्या पानं पालथी घातली. काकांचं दार बंदच असायचं. हाक मारली की आतून "बरा आहे गं" एवढंच. मला त्या नाण्याचा राग यायचा, यांचा यायचा, आणि काकांचाही यायचा. एवढं काय लावून घ्यायचं?

मग एका दुपारी तो फोटो सापडला. काशाच्या गोल चकत्या, एकमेकींना चिकटलेल्या, माळेसारख्या. खाली लिहिलं होतं की त्या काळी पुष्कळ ठिकाणी कोऱ्या चकत्या आधी ओतायचे, तोडून सुट्या करायचे आणि मग त्यांवर ठसा मारायचे. पुढच्याच पानावर त्याच राजाचा घोडा. तशीच तिरकी कड, तसाच तोडल्याचा टवका. म्हणजे काकांचं नाणं खरंच होतं! मी किंचाळलेच. सेकंड शिफ्टला निघालेल्या यांना फोटो दाखवला. बुटाची लेस हातात धरून हे खालीच बसले. "आयला, खरंच की गं. आमच्यासारखंच ओतायचे. जा, आधी सांग त्यांना."

मी पळत गेले. काकांनी दार उघडलं. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा.

"ये, बस. आळंदीला जाऊन आलो सकाळी. रिक्षावाल्यानं हात धरून घाटापर्यंत नेलं. नाणं इंद्रायणीत सोडून दिलं."

"काका, का हो?"

"मी गेल्यावर कुणाच्या तरी हाती गेलं असतं. खरं समजून जपत बसला असता बिचारा. मी फसलो तेवढं बास." मग म्हणाले, "तुझ्या नवऱ्याचे उपकारच म्हणायचे. खरं असतं तर माझ्यानं सुटलंच नसतं. काल सोडायचं ठरवलं आणि किती दिवसांनी शांत झोपलो."

त्यांना दिसत नव्हतं, तरी मी मोबाइल ओढणीखाली लपवला.

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. "खोटंच होतं ना गं ते?"

"होय काका," मी म्हटलं, "खोटंच होतं."