पेंटरचा खांदा

माझे धाकटे दीर पाट्या रंगवतात. सगळे त्यांना पेंटर म्हणतात, मीसुद्धा. त्यांनी लग्न केलं नाही, त्यामुळे त्यांना टोकायचा मक्ता माझ्याकडे आला, आणि तो मी चोख सांभाळते.

उन्हाळ्यात त्यांचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. रोज सकाळी वीस वेळा. टाळाटाळ केलीत तर आखडून बसेल." त्याच सुमाराला शाळेच्या मुख्याध्यापिकांचा निरोप आला. हिवाळी सुट्टीत दर्शनी भिंतीवरचं नाव नव्याने रंगवायचं होतं. पेंटरना जमणार नसेल तर त्या छापील बोर्ड लावणार होत्या. तीस वर्षं त्या भिंतीवर पेंटरचीच अक्षरं. ती गेली की आपण संपलो, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

घरात मोकळी भिंत पुढच्या खोलीतच. तिथे माझे यजमान रात्रपाळी करून पहाटे तीनला येऊन झोपलेले, म्हणून दिवा लावायचा नाही. उन्हाळ्यात लवकर उजाडायचं. पेंटर बोटं चालवायचे आणि जिथे पोचली तिथे पेन्सिलीने खूण करायचे. पुढे दिवस लहान झाले, तसा व्यायामही आखडला. विसाचे दहा झाले, दहाचे पाच.

"उजाडू दे, वहिनी. खूण दिसत नाही."

उजाडेपर्यंत कामाला निघायची वेळ. तरी खुणा आपल्या वर वर चाललेल्या. मला शंका आली. एकदा चहा घेऊन मी गुपचूप मागे उभी राहिले. बघते तर स्वारी चवड्यांवर.

"पेंटर, बरा कोण होतोय? खांदा की टाचा?"

मी टाचा टेकवायला लावल्या. बोटं शेवटच्या खुणेच्या वीतभर खाली अडली. सुट्टीला सात आठवडे उरले होते. पेंटर मटकन खाली बसले. मला माझ्याच जिभेचा राग आला.

दुसऱ्या दिवशी पाचला, काळोखात, भिंतीवर खरखर ऐकू आली. पेंटरनी पॉलिश पेपरची पट्टी कापून बोटं खरोखर पोचली होती तिथे चिकटवली होती.

"बोटांना कळतं, वहिनी. उजेड कशाला हवा?"

मग दर आठवड्याला पट्टी वर सरकू लागली. कधी बोटभर, कधी गव्हाएवढी. थंडीने त्यांचे दात वाजायचे, मधूनच कण्हणं ऐकू यायचं. मी स्वयंपाकघरातून मोजायची. वीस झाल्याशिवाय चहा गाळायचा नाही, असं मीच ठरवलं होतं, आणि एकदाही चहा चुकला नाही.

सुट्टीत शाळेच्या भिंतीला परांची बांधली. यजमान कामावरून आले, पण न झोपता आमच्याबरोबर तिथे आले. सगळ्यात वर, नावाच्या डोक्यावर, जाड निळी रेघ ओढायची होती. पेंटरनी हात डोक्याच्या वर पार ताणला, ब्रश टेकवला आणि फळीवरून बाजूबाजूने चालत रेघ ओढत गेले. ना पट्टी, ना दोरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ कुठे हलली नाही. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

मुख्याध्यापिका बराच वेळ वर बघत राहिल्या. "मागची भिंतही तुम्हीच करा," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी कशाला?" पेंटर वरूनच म्हणाले. "परांची उद्या तिकडे हलवू."