सालीकडची चीर

खरात सरांच्या खोलीत एमआरआयचा लिफाफा घेऊन गेलेल्या माणसाला तो लगेच उघडून मिळत नसे. "ठेवा तिथं बाकावर. त्याला काही जल्दी न्हाई," असं म्हणून सर पेशंटला व्हरांड्यात चालायला लावत. औरंगाबादला जाऊन, त्या बोगद्यात डोळे मिटून खडखडाट ऐकत पडून राहून आणलेली फिल्म, आणि हा डॉक्टर म्हणतो चालून दाखवा! लोक खट्टू होत. सर दाराच्या चौकटीला टेकून त्यांच्या पायांकडे बघत राहत. "आधी गुडघा, मंग फोटो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

जालन्यात मस्तगडला आम्ही एकाच इमारतीत होतो. सर रेडिओलॉजिस्ट, मी फिजिओथेरपिस्ट. म्हणजे लोकांच्या भाषेत ते फोटोवाले डॉक्टर आणि मी व्यायामवाल्या बाई. खरं तर खालची खोली मला हवी होती, कारण माझे लंगडणारे पेशंट जिना चढताना मला मनसोक्त शिव्या घालत. पण ती सरांना देणं भाग होतं. सर स्वतःच लंगडत.

सर मूळचे बदनापूरकडचे. ऐंशीच्या सुरुवातीला मेडिकलला शिकत असताना कबड्डीच्या सामन्यात त्यांचा गुडघा अडकला. तेव्हा एमआरआय कुठला असायला! गुडघा उघडला, दोन हाडांमधली फाटलेली कूर्चेची गादी अख्खीच्या अख्खी काढून टाकली. त्या काळी तसंच करत, त्यात कुणाची चूक नव्हती. पण चाळिशी गाठेपर्यंत सरांच्या गुडघ्यात हाडावर हाड घासायला लागलं. मांडी घालणं संपलं. लग्नाच्या पंगतीत ते खुर्चीवर बसत, बुद्धविहारात वंदनेला सगळे सतरंजीवर आणि सर मागे भिंतीलगत खुर्चीवर. ती खुर्ची तिथे त्यांच्यासाठीच ठेवलेली असे. "गादी गेली की खाट टोचते, बाई," ते मला म्हणत. हसत म्हणत, पण म्हणताना हात गुडघ्यावर असायचा.

आपल्या हातून कुणाची गादी जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या टेबलावर कायम दोन-चार मोसंब्या आणि एक सुरी असे. पेशंटसमोर ते मोसंबीची जाड चकती कापत, अर्धी करत आणि मधला थोडा गर काढून टाकत. हातात चंद्रकोर उरायची. "ही बघा तुमची गादी. हिला मेनिस्कस म्हणतात. सालीकडं जाड, आतल्या कडेला पातळ. अशा दोन हायेत, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. सालीकडं रक्त येतं, तिथं चीर पडली तर टाका घालून सांधते. आतल्या कडेला रक्तच न्हाई, तिथली सांधत न्हाई." मग उरलेल्या मोसंबीचे पातळ काप करत. "मशीन गुडघ्याचे असेच काप करतं, सुरी न लावता. पण एका कापावरून मोसंबी कळत न्हाई. पुढचा काप बघावा, त्याच्या पुढचा बघावा." समजावून झालं की ते ती मोसंबी खाऊन टाकत. पेशंटलाही देत, पण आपल्याच गुडघ्याची फोड खायला सहसा कुणी धजत नसे.

बदनापूरच्या एक शिक्षिका एकदा रडवेल्या होऊन आल्या. रिपोर्टमध्ये मेनिस्कसला पुढच्या बाजूने चीर असल्याचं लिहिलं होतं, ऑपरेशन ठरलं होतं. सरांनी त्यांना चालवलं, गुडघा दाबून पाहिला, मग फिल्म दिव्यावर लावून एकेका कापावर पेन्सिल टेकवत गेले. "रडू नका. ही चीर न्हाई, ही दोरी हाय. या दोन गाद्या समोरून एकमेकींला बांधणारं लिगामेंट असतं. ते गादीला चिकटतं तिथं बारीक रेघ दिसते. बघा, पुढच्या कापात दोरी वेगळी झाली का न्हाई?" झाली होती. सर्जननेही ते मान्य केलं, आणि बाई माझ्याकडे महिनाभर व्यायाम करून शाळेत रुजू झाल्या.

अशी दोन-तीन उदाहरणं झाली आणि गावात बोललं जाऊ लागलं, की खरात सर चीर पुसतात. सर वरवर चिडत. "मी काय खोडरबर हाय का?" पण त्यांना ते आवडायचं. मला ते दिसत होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटलं नाही. चांगल्या माणसाला चांगलं म्हटलेलं आवडलं, तर कुणाचं काय बिघडतं, असं वाटायचं.

छाया वडीगोद्रीची. बाप शेतकरी, हायवेच्या कडेला त्यांचं छोटं दुकानही होतं. पोरगी कबड्डीत अशी चपळ, की समोरच्या संघाला ती आली कधी आणि गेली कधी कळत नसे. राज्याच्या संघाची निवड दोन महिन्यांवर आली आणि तिचा गुडघा मुरगळला. औरंगाबादचा रिपोर्ट होता: बाहेरच्या मेनिस्कसला मागच्या बाजूने चीर, टाका घालावा लागेल. ऑपरेशन बापाला नको होतं. तो पोरीला घेऊन थेट सरांकडे आला. "सर, लोकं सांगून राह्यले, तुमी चीर पुसता म्हून."

सरांनी छायाला व्हरांड्यात चालवलं. ती परेडला चालावी तशी चालली, वळली, परत आली. गुडघा दाबला तरी चेहऱ्यावर रेघ उमटली नाही. मग फिल्म लागली. मी शेजारीच उभी होते. बाहेरच्या गादीच्या मागच्या टोकापासून एक लिगामेंट तिरकं वर मांडीच्या हाडाकडे जातं. ते गादीला चिकटतं तिथेही अशीच रेघ दिसते. सरांनी त्या कापावर पेन्सिल टेकवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "ही पण दोरीच हाय. मागची. ऑपरेशन बिलकुल नको. बाईंकडं व्यायाम कर, मंग खेळ." बापाने सरांचे पाय धरले. ऑपरेशन कराच, असा औरंगाबादच्या सर्जनचा आग्रह होता, पण बापाला हवं ते उत्तर मिळालं होतं.

छायाने माझ्याकडे व्यायाम केले, दृष्ट लागावी असे. दीड-दोन महिन्यांनी ती मैदानात उतरली आणि एका चढाईत तिचा गुडघा जागीच अडकला. ना वाकेना, ना सरळ होईना. तिला तिथून उचलूनच न्यावं लागलं. दुसऱ्या एमआरआयमध्ये गादीचा फाटलेला तुकडा उलटून सांध्यात येऊन बसला होता. एवढ्या दिवसांत त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. टाका घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. सर्जनला जवळजवळ सगळी गादी काढून टाकावी लागली.

सरांनी छायाच्या जुन्या फिल्म मागवून घेतल्या आणि मला खाली बोलावलं. दिव्यावर तोच काप होता, ज्यावर त्यांनी पेन्सिल टेकवली होती. "दोरी इथं संपते, बाई. बराबर इथं." पेन्सिल पुढच्या कापावर गेली, मग त्याच्या पुढच्या. दोरी संपली होती, तरी रेघ बाहेरच्या बाजूला चाललीच होती. "ही चीर हाय. सालीकडची. सांधली असती." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "आयुष्यभर लोकांला सांगत आलो, पुढचा काप बघा. मला दोरी पाह्यजे होती, ती दिसली. मंग मी थांबलो."

पुढच्या रविवारी ते वडीगोद्रीला निघाले. मी सोबत गेले. ओसरीवर सतरंजी अंथरली होती, आम्ही बाकीचे तिच्यावर बसलो. छायाच्या वडिलांनी शेजारून दोन खुर्च्या आणवल्या. एक सरांसाठी, एक छायासाठी. समोरासमोर त्या दोन खुर्च्या, एकीत पन्नाशीतला माणूस, दुसरीत अठरा वर्षांची पोरगी, आणि दोघांचाही एक पाय पुढे लांब केलेला. सरांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"तुझा गुडघा मी चुकीचा वाचला," ते म्हणाले. "रिपोर्ट बराबर होता."

बाप घाईघाईने म्हणाला, "साहेब, तुमी तर पोरीच्या भल्याचंच सांगितल्तं."

छाया म्हणाली, "सर, माझंबी चुकलं. त्या दिवशी चालताना लई दुखत होतं. खेळायला मिळणार न्हाई म्हून मी दाखवलंच न्हाई."

सरांनी मान वर केली. "तू लपवलं, बाळा. फोटोनं लपवलं नव्हतं. मीच पाह्यलं न्हाई."

त्यानंतर गुडघ्याची फिल्म आली की सर ती न उघडता परत करू लागले. "जिथं काढली तिथल्यांलाच विचारा," एवढंच म्हणत. टेबलावरच्या मोसंब्या गेल्या, सुरी गेली. मी वाद घातला, चिडले, रुसूनसुद्धा पाहिलं. एका चुकीपायी एवढी विद्या गुंडाळून ठेवायची का? ते नुसते हसत. मला आजही वाटतं, की छायाच्या गुडघ्यानंतरचं दुसरं नुकसान ते होतं, आणि ते सगळ्या जिल्ह्याचं झालं. पुढे किती गुडघे त्या पेन्सिलीखालून गेले असते, किती वाचले असते.

काही वर्षांनी हृदयविकाराने सर गेले. विहारात शोकसभा होती. सतरंजीवर पाय ठेवायला जागा नव्हती, पण मागे भिंतीलगतची खुर्ची रिकामी होती. सवयीने कुणीतरी ती पुसून ठेवली होती. भाषणं सुरू झाल्यावर छाया आली. लग्न झालेलं, कडेवर मूल. बायकांनी सरकून तिला जागा केली, "ये, बस खाली" म्हणाल्या. तिने सतरंजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी उठून तिच्या कडेवरचं मूल घेतलं. छाया भिंत धरत, पाय ओढत मागे गेली आणि सरांच्या खुर्चीवर बसली.