शिराळ्याचा वेल आणि माझी वीजबचत

आता तुमच्यापासून काय लपवायचं! चहा घ्या, आणि माझ्या वीजबचतीची फजिती ऐका.

महाडात तेव्हा भारनियमनाचा कहर होता. मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि घरी दिवे बंद करत फिरायचो. गच्चीवर आमच्या हिची शेती. तेलाच्या डब्यांत वांगी, मिरच्या, अळू. खालच्या हौदातून मोटारीने पाणी वर चढायचं. मी कधी वर गेलो नाही. खालून "अगं, मोटार बंद कर!" एवढंच ओरडायचो.

मग ही गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

घर खायला उठायचं, म्हणून मी गच्चीवर जाऊ लागलो. मातीवर पालापाचोळा पसरला, गळके सांधे बांधले. मोटार निम्म्या वेळात बंद! त्यात एक काळी नळी सापडली, कठड्यावरून खाली गेलेली. म्हटलं, वीज जाळून पाणी वर चढवायचं आणि पुन्हा खाली सोडायचं? कोण शहाणा असं करतो? वाकून बघायचे कष्ट कोण घेणार! कापली आणि बूच मारलं. शिवाय दारात उभ्या असलेल्या शेजारच्या यशोदाबाईंना ऐकवलं, "ती खाली जाणारी नळी आजपासून बंद! वीज कशी वाचवायची, मला विचारा!" त्या आत निघून गेल्या.

आता पुढे बघा. यशोदाबाई आम्हाला नेहमी शिराळी आणून द्यायच्या. ही गेल्यावरही द्यायच्या. मग शिराळी येणं एकदम थांबलं! मला भयंकर राग आला. माणूस गेलं की शेजारधर्मही संपतो का हो? बरेच दिवस धुमसलो आणि शेवटी त्यांच्या दारात उभा राहिलो.

"यशोदाबाई, आमचं काही चुकलं का? शिराळी बंद केलीत ती?"

त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं. आमच्या कठड्याच्या बरोबर खाली मांडव, आणि मांडवावर वाळून कोळ झालेला वेल.

"वैनींनी लावलेला, मास्तर. वर मांडवाला जागा नाय म्हनून हितं. पानी तुमच्या नळीतनं यायचा."

"अहो, मग मला सांगायचं ना! एखादी कळशी तरी ओतायची!"

"वतली असती. पन मला वाटला, वैनी गेल्या, आता तुमाला ह्यो वेल बघवत नाय. म्हनून तोडलात पानी."

बघवत नाही? मी तिथेच रडलो. अहो, इतकी वर्षं त्याची शिराळी खाल्ली, आणि तो वेल मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतो!