प्लेट पेशंटची असते

शोकसभेत रडणाऱ्या पुरुषांची मला किळस येते, आणि ती एका डॉक्टरमुळे. दादा गेला त्यानंतर चौक गावात शाळेच्या पटांगणात सभा भरली, तिचा अध्यक्ष हाच. हायवेला लागून याचा दवाखाना, आत एक्स-रेचं मशीन. माइक धरून म्हणाला, "आमच्या घरातलाच माणूस गेला." म्हणे घरातला. आमच्या बौद्धवाडीतल्या बायकांना हा औषध खिडकीतून द्यायचा, हात लागू नये म्हणून पुडी वरून टाकायचा. त्या दिवशी मात्र गळा काढून रडला. खाली बसल्यावर रुमालाने डोळे पुसले आणि त्याच रुमालात पानाचा चोथा थुंकला. मी पहिल्याच रांगेत होते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मुंबईला एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होता. एक्स-रेची फिल्म ज्या पडद्यांमध्ये ठेवतात त्यांचा लेप त्याने सुधारला. त्यामुळे किरण कमी लागायचे आणि चित्र जास्त स्वच्छ यायचं. परदेशातून त्याला बोलावणी यायची. पण रविवारी एसटीने गावी आला की आमच्या ओट्यावर बसायचा, आणि पार कशेळे गावापासूनची माणसं आपापल्या एक्स-रेच्या प्लेटी घेऊन यायची. तो प्लेट उन्हात धरून दाखवायचा, "हे बघ आजी, हे तुझं काळीज, ही फासळी." म्हातारी म्हणायची, "माजं काळीज येवडंच हाय का रं?" सगळी हसायची. उठताना प्रत्येकाला तो एकच सांगायचा, "प्लेट पेशंटची असते. तिथे ठेवून येऊ नका, मागून घ्या."

चौकला ते मशीन आलं तेव्हा लोक बिचकले होते. माणूस आतून भाजतो म्हणे. दादाने कितीतरी रविवार खपून मशीन नीट लावून दिलं, आणि सगळ्यांसमोर शर्ट काढून पहिला स्वतः उभा राहिला. मग लोक आले. ती दादाची प्लेट डॉक्टरने नमुना म्हणून ठेवून घेतली. जगाला शिकवणारा दादा स्वतःची प्लेट मागायला विसरला. दुसऱ्याचं सगळं लक्षात आणि स्वतःचं काही नाही, असाच होता तो. म्हणून तर जीव जडला होता सगळ्यांचा.

दादा काविळीने गेला. वहिनी मुंबईची खोली सोडून माझ्याकडे गावी आली, तेव्हाच तिला खोकला होता. वाडी म्हणाली, दुःखाने खंगली बिचारी. आम्हा दोघींनाही टीबीची भीती होती, म्हणून ती डॉक्टरकडे गेली. मशीनसमोर उभी राहिली, मशीन घुरघुरलं. दुसऱ्या दिवशी कंपाउंडर बाहेर येऊन म्हणाला, छाती ठणठणीत आहे, मनाला लावून घेतलंय. ताकदीची इंजेक्शनं सुरू झाली. पावसाळा सरला, भात कापून झाला, तरी खोकला हटेना. एक दिवस सकाळी पदराला रक्त लागलं.

मग मी बरोबर गेले. पुन्हा मशीन घुरघुरलं, पुन्हा तेच, ठणठणीत. मी म्हटलं, "प्लेट दाखवा."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"ज्याच्या नावाने रडलात त्याची बहीण आहे मी. दाखवा."

त्याने वैतागून कपाटातून प्लेट ओढली आणि उजेडाच्या पेटीवर लावली. पान चघळत बोट फिरवत म्हणाला, "बघा. आरशासारखी स्वच्छ."

वहिनी उठून जवळ गेली. प्लेटीत उजवीकडे, गळ्याखालच्या हाडावर एक गाठ होती. लहानपणी दादा पेंढ्याच्या गाडीवरून पडला होता आणि वैदूने हाड वाकडंच बसवलं होतं. ती गाठ मला माहीत होती. पण वहिनी तर संसारभर त्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. तिने त्या गाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"डाक्टर," ती म्हणाली, "ही छाती माजी नाय. ही मी जळताना बगितलीय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीनमध्ये फिल्मच नसायची. नुसतं घुरघुरवायचं आणि जो येईल त्याला दादाची छाती दाखवायची. बाईलासुद्धा पुरुषाची. दादा मेल्यावर ज्या तोंडाने हा रडला त्याच तोंडाने दादाला दाखवून लोकांना ठणठणीत म्हणत होता. आणि लाज? कोळून प्यायला होता. कंपाउंडरवर खेकसला, "कुणाची प्लेट कुणाला देतोस रे?" कपाटातून प्लेट काढली होती डॉक्टरने स्वतः, आमच्यासमोर.

वहिनीने हात पुढे केला. "प्लेट पेशंटची असते. द्या." त्याने दिली.

दुसऱ्याच दिवशी तिला पनवेलच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी खरी प्लेट काढली. एका बाजूचं फुप्फुस वरून पार खाल्लेलं होतं. बाई चिडल्या, "इतके महिने काय करत होतात?"

वहिनी म्हणाली, "नवऱ्याची छाती बगत होते."

उशीर झाला होता. पुढच्या लावणीपर्यंत ती राहिली नाही. तिच्या शोकसभेलाही तो आला, धुतलेला सदरा घालून, आणि माइककडे हात पुढे केला. त्या हाताकडे बघूनच मला शिसारी आली. मी माइक दिला नाही. पिशवीतून दादाची प्लेट काढली, उन्हात धरली आणि गाठीवर बोट ठेवून लोकांना विचारलं, ही गाठ कुणाकुणाला तुझी म्हणून दाखवलीय याने?

मागून एका म्हातारीचा हात वर आला. मग तिच्या शेजारच्या गॅरेजवाल्याच्या बायकोचा. मग एकेक करत हात वर येत गेले, आणि डॉक्टर खिशात रुमाल शोधू लागला.