निरोगी गटातली मामी

नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी अन्ननलिकेच्या कर्करोगावर काम करत होते. आपल्या पेशींत काही आरएनए असे असतात, की ते स्वतः प्रथिन बनवत नाहीत. पण इतर जनुकांना आवर घालतात किंवा मोकळं सोडतात. या कर्करोगात त्यातल्या काहींचं प्रमाण बदलतं. तो बदल रक्तातून लवकर ओळखता येईल का, हे आम्ही शोधत होतो. रोग्यांचं रक्त मिळायचं, तुलनेसाठी निरोगी माणसं मिळेनात. म्हणून मी गोंदियाकडच्या बोदलकसा गावी मामाकडे गेले.

मामी अंगणात मासे साफ करत होती.

"मी का बिमार आहो? माह्यं रक्त कायले पायजे?"

"बिमार नाहीस म्हणूनच पाहिजे."

ती हसली, हात धुतले आणि दंड पुढे केला. मामा शेजारी खाटेवर बसला होता. मी फॉर्म वाचत गेले. तंबाखू खातेस? "नाही वं." घास गिळताना त्रास? ती क्षणभर थांबली. "नाही." मी दोन्हीकडे 'नाही'वर खूण केली. मामी रोज गुडाखूनं दात घासायची, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तंबाखूचाच तो काळा लगदा, पण घरात त्याला कोणी तंबाखू म्हणत नसे. दुपारी सगळ्यांना वाढून ती चुलीपाशी जेवायला बसली. तिच्या ताटात नुसती पेज होती. मी पाहिलं आणि काही विचारलं नाही.

महिन्याभरानं तपासणी झाली. मामीच्या रक्तातल्या त्या आरएनएचा आकडा रोग्यांच्या आकड्यांत जाऊन बसला होता. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, "प्रवासात नमुना बिघडला असेल. पुन्हा घेता आला तर बघा."

पुन्हा जायचं म्हणजे दोन दिवस मोडणार होते, आणि अहवालाची मुदत तोंडावर आली होती. मी 'प्रवासात खराब' असं लिहून तो नमुना वगळला. खरं तर प्रवासात रक्त बिघडलं की त्यातून वेगळं काढलेलं पाणी, म्हणजे सीरम, लालसर दिसतं. मामीचं स्वच्छ पिवळं होतं.

पुढच्या हिवाळ्यात मामाचा फोन आला. "तुह्या मामीले घास उतरून नाही राहिला. पाणीबी अडकते."

गोंदियाला दुर्बिणीनं तपासलं. रोग पसरला होता, ऑपरेशनची वेळ गेली होती. अन्ननलिकेत नळी बसवली. तिच्या उशाशी बसून मी तिला सगळं सांगितलं.

"तुले पक्कं मालूम होतं का?"

"नाही. त्या एका आकड्यावरून कोणालाच सांगता आलं नसतं. पण मी परत येऊन विचारायला पाहिजे होतं."

"तवाच अडकत होतं थोडंसं," ती म्हणाली. "पण तुह्या मामासमोर कशी सांगू? तो घाबरते."

उन्हाळ्यात मामी गेली. आमचा शोधनिबंध छापून आला. त्यात निरोगी गटातला एक नमुना वगळल्याची नोंद आहे, कारणासकट. ते कारण माझं आहे.

मामाला हे मी अजून सांगितलेलं नाही. घरी कोणी आलं की तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "हे माही भाची. मामीसाठी लय केलं इनं." मी चहाचे कप उचलते आणि आत जाते.