पांढरी तीन धरून ठेवा

गिरणीवाल्या बाईला सुराचा कान असतो, हे कोणी चटकन मान्य करत नाही. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात संयोगिता वीस वर्षं पिठाची गिरणी चालवते. जात्यात ज्वारी पडतेय की गहू, हे ती पाठमोरी उभी राहून नुसत्या आवाजावरून सांगते. पण तिच्या कानाची गावात चर्चा झाली ती गिटारीमुळे.

बचत गटाच्या सहलीला महाबळेश्वरला गेली असताना हॉटेलच्या अंगणात एक पाहुणा गिटार वाजवत बसला होता. बाकीच्या बायका स्ट्रॉबेरीचा भाव पाडण्यात गुंतलेल्या आणि ही त्याच्यासमोर खिळून उभी. घरी आली ती डोक्यात गिटार घेऊनच, आणि तेही पंचेचाळिसाव्या वर्षी! लेक सांगलीला शिकते. तिला भेटायचं निमित्त काढून बाईसाहेब विश्रामबागेतल्या वाद्यांच्या दुकानात जाऊन धडकल्या.

दुकानदार सौमित्रने चकचकीत निळी गिटार पुढे केली.

“आसं नगं,” ती म्हणाली. “तुमी एकेक वाजवा, मी पाठ करून हुबी ऱ्हाते. रंग बघितला की कान फसतो.”

सौमित्रला गंमत वाटली. त्याने एकच धून पाच गिटारींवर वाजवली. चौथीला ती गर्रकन वळली.

“हीच! हिचा आवाज पोटातनं येतोय.”

ती निघाली साधी, तपकिरी, कडेला धूळ बसलेली. मग गिरणीचा पट्टा तपासावा तसा एक डोळा मिटून तिने गिटारीचा दांडा सरळ आहे का ते पाहिलं. तारा दाबून पाहिल्या. नवशिक्यांची बोटं पहिल्या आठवड्यात सोलवटतात म्हणे. हिची बोटं पाहून तारांनीच धसका घ्यावा. सौमित्रने तिच्या फोनवर तारा जुळवायचं ॲप टाकून दिलं. काटा हिरवा झाला की तार सुरात, एवढं सोपं.

दुपारी वीज गेली की गिरणीत सराव सुरू. गिटारीच्या दांड्यावर पितळी पट्ट्या असतात. बोट पट्टीवर न ठेवता अगदी लगत मागे दाबलं की सूर स्वच्छ निघतो. हे उमगलं त्या दिवशी तिने दळण न्यायला आलेल्या बायकांना अडवून तो एकच सूर दहादा ऐकवला.

तिला हवं होतं एकच: गावच्या महिला भजनी मंडळात बसून वाजवायचं. मंडळ म्हणजे बनुबाई. वय सत्तरीपुढचं, हातात पेटी आणि जिभेवर धार.

“ह्ये कालेजातल्या पोरांचं खूळ,” बनुबाई म्हणाल्या. “आणून बघ. पर एकादशीला बेसूर झालं, तर परत द्येवळात आणायचं न्हाई.”

एकादशीला तीन दिवस असताना तालीम झाली आणि सगळं फसलं. काटा हिरवागार, तरी पेटीशेजारी गिटार वाजली की अंगावर काटा येई. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बनुबाईंनी भाता बंद केला आणि पेटीवर झाकण टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने संयोगिता सांगलीला. गिटार मांडीवर आडवी, शेजारचा प्रवासी अंग चोरून बसलेला.

सौमित्रने तारा तपासल्या, दांडा तपासला. “काकू, हिच्यात काही दोष नाही. सोबत काय वाजतं?”

“बनुआत्यांची पेटी. त्यांच्या सासऱ्यांच्या येळची हाय.”

एवढं बोलून ती थांबली. एकदम उठूनच उभी राहिली. “आवं, मग पेटीच जरा खाली उतरली आसंल! आनि मी फोनचं ऐकत बसलीया! पेटीसंगं वाजवायचं तर पेटीचं ऐकाय पायजे!”

तिने तिथूनच फोन लावला. “आत्या, येक काम करा. पेटी घ्या म्होरं. पांढरी तीन दाबा आनि धरून ठेवा.”

“आगं, मी भाकरी थापतीया!”

“भाकरी ऱ्हाऊ द्या, आत्या!”

शिव्यांचा एक हप्ता झाला, आणि मग फोनमधून पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा जुना, भरलेला सूर आला. संयोगिताने त्याच सुराची पहिली तार किंचित सैल केली. अजून किंचित. दोन सूर एकमेकांत असे मिसळले की सौमित्रने काउंटरवर थाप मारली. मग एकेका तारेसाठी पांढरी सहा, दोन, पाच, सात. कोरेगावकडची म्हातारी स्वयंपाकघरात भाता मारतेय आणि सांगलीत तारा लागतायत! शेवटी तिने सगळ्या तारा मिळून छेडल्या.

पलीकडे भाता थांबला.

“आत्या?”

“परत वाजव,” बनुबाई म्हणाल्या.

एकादशीला देऊळ भरलं. एसटीच्या हादऱ्यांनी तारा पुन्हा उतरल्या होत्या, आणि संयोगिता घाईघाईने खुंट्या पिळत होती. कपाळावर घाम. मृदंगवाल्या बाईने थाप मारायला हात उचलला, टाळ वर झाले.

“थांबा गं,” बनुबाईंनी सगळ्यांना दटावलं, आणि पांढरी तीन दाबून धरली. “तिची तार लागू दे.”