पहिल्या लेकराचं नाव

आमच्या नायजेरियातल्या कानो शहरात आईनं पहिल्या लेकराचं नाव घ्यायचं नसतं. चारचौघांत त्याला जवळही घ्यायचं नाही, लाड तर सोडाच. रीतच आहे. मी नाही घेतलं, मग माझी सून सौदातू तरी कशी घेईल?

पण ही रीत एकदा आमच्या गळ्याशी आली होती.

शेजारच्या गल्लीत एक पोर पोलिओनं लुळं पडलेलं. लशीचे थेंब पाजायला दवाखान्याची तबावा घरोघर फिरायची. खांद्याला बर्फाची पेटी आणि तोंडाला विसावा म्हणून नाही. मी अंगणात चवळीचे वडे तळत होते.

"किती लेकरं गं तुझी?" तिनं सौदातूला विचारलं.

"दोन."

दोन्ही पोरींच्या तोंडात थेंब पडले, नखांना शाई लागली. तबावा निघाली, तर दारात एक पोरगा वडा खात उभा. नख कोरं.

"हा कुणाचा?"

सौदातूनं मान खाली घातली. "असेल कुणाचा तरी."

"अगं भवाने, नाक तर तुझंच चिकटवलंय!"

मला हसू फुटलं. तबावा मात्र हसली नाही. तिनं पेटी खाली ठेवली.

"मलाही असंच विचारलं होतं. मी लाजून धाकटी तेवढी पुढे केली. माझा पहिला आज हातांवर सरकत बाजारात जातो. मूदी त्याचं नाव. मूदी! घेतलं बघ. झडली का माझी जीभ?"

कढईतले वडे करपले. सौदातूनं ओढणी तोंडावर घेतली आणि पोराला पुढे ढकललं. "पाजा, मावशी. माझाच आहे."

पुढे काही वर्षांनी रेडिओवर सांगितलं, देशातला मूळचा पोलिओ गेला. मोठ्यामोठ्यांनी हार घालून घेतले. घेऊ देत बापडे! आमच्यापुरती मोठी तबावाच. तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. मी तिला वडे खायला बोलावलं.

ती दारात दिसली मात्र, सौदातू माझ्यादेखत, गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "तिजानी! अरे तिजानी, लवकर ये, मावशी आल्यात!"

सासू म्हणून मी डोळे वटारायला हवे होते. माझेच डोळे भरून आले. आणि तिजानी गल्लीच्या टोकापासून धावत आला.